कुंडलिकच्या पत्त्यांचा कौल

कुंडलिक मुळात वांग्यांचा माणूस. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की नीरेच्या पाटाच्या कडेनं माळ्यांच्या वस्त्या लागतात. त्यातल्याच एका वस्तीवर, म्हणजे आमच्याच, त्याचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, रावजीचं, एकत्र घर होतं. रानात वांगी, गवार, कांदा आणि बांधाला पेरू. गुरुवारी बारामतीचा बाजार, रविवारी इंदापूरचा, मधल्या दिवसांत पाणी धरायचं, खुरपायचं आणि तोडणी करायची. यात माणसाचं आयुष्य सहज निघून जातं आणि कुंडलिकचंही गेलं असतं. मध्ये ते पत्ते आले.

आईबाप मानमोडीच्या साथीत एकामागोमाग गेले तेव्हा कुंडलिकला धड चालताही येत नव्हतं. रावजीला नुकतं मिसरूड फुटलेलं. त्यानं धाकट्याला खांद्यावर वागवलं, भाकरी कुस्करून भरवली, हे सगळ्या वस्तीनं पाहिलेलं. खोटं कशाला बोलू, रावजीनं भावाला मायेनंच वाढवलं. पण ते कुणाला विसरू मात्र दिलं नाही. जेवताना, भांडताना, पाहुण्यांसमोर, ‘ह्याला म्या वाढीवलाय’ हे वाक्य यायचंच, आणि कुंडलिक मान खाली घालून ऐकायचा. त्याच्या गळ्यात पहिली दोरी पडली ती इथं. पत्ते नंतरचे.

एका वर्षी बारामतीला स्टेशनच्या मागं जादूवाल्यांचा तंबू लागला. खेळ काही चालला नाही. मंडळी गाशा गुंडाळून दौंडच्या छोट्या गाडीनं निघून गेली आणि त्यांच्यातला एक म्हातारा तापानं फणफणत तिथंच मागं राहिला. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. कुंडलिक बाजाराला गेला होता. त्यानं वांग्यांच्या रिकाम्या पोत्यांवर मास्तरला झोपवला आणि गाडीतून घरी आणला. कुंडलिकची बायको प्रयागबाई हिनं त्याला कुळथाचं माडगं पाजपाजून उभा केला. ही सगळी हकीकत मला पुढं तिनंच सांगितली. म्हातारपणी ती ओट्यावर गवार निवडत बसायची आणि सांगता सांगता तिचा हात थांबायचा.

मास्तर जाताना एक पत्र्याची डबी ठेवून गेला. तिच्यात तीन चिजा होत्या. पहिली गड्डी सगळ्यात देखणी. तिच्यात एक काळा पत्ता, मग बदामाची राणी, पुन्हा काळा, पुन्हा राणी, अशी शेवटपर्यंत लावणी होती आणि राण्या तेवढ्या केसभर आखूड कापलेल्या. एका बाजूनं अंगठ्याखालून पत्ते सोडले की नुसतं इस्पिक आणि किलवर दिसायचं. फुंकर मारून दुसऱ्या बाजूनं सोडले की तीच गड्डी लालभडक, राणीमागं राणी. पत्ते सुटत असताना समोरच्यानं कुठंही बोट घालावं, त्याच्या हाती राणीच लागायची. दुसरी गड्डी एका टोकाला किंचित निमुळती होती. त्यातला एखादा पत्ता उलटा फिरवून ठेवला की तो डोळे झाकूनही बोटांना सापडायचा. तिसरी वस्तू म्हणजे एकच पत्ता, पण त्याला मधोमध कागदाची बारीक झडप. समोरच्याच्या तळहातावर ठेवून वरून नुसता हात फिरवायचा, लाल पत्ता डोळ्यांदेखत काळा व्हायचा.

“खेळ निवडायच्या आधी समोरचा माणूस बघ,” मास्तरनं सांगितलं होतं. “घाईतल्या माणसाला पहिला खेळ. चौकस माणसाला दुसरा. भित्र्या माणसाच्या हातावर तिसरा कधी करू नकोस. आणि गड्डी दुसऱ्याच्या हातात दिलीस की मेलास.”

हात चालताना तोंडही चाललं पाहिजे, हेसुद्धा मास्तरनं सांगितलं होतं. तो स्वतः हिंदुस्थानीत काहीतरी झक्क बोलायचा. कुंडलिकला ते कुठलं जमायला? त्याला सलग पाठ येत होतं ते एकच, देवळातलं गाऱ्हाणं. गावात काही अडलं की भैरोबाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लहानपणापासून ऐकलेलं ते गाऱ्हाणं कुंडलिकनं जसंच्या तसं उचललं. “देवा भैरोबा, खरं आसंल ते वर काढ, खोटं आसंल ते झाक,” असं म्हणायचं आणि फुंकर मारून काळी गड्डी लाल करायची. त्याला वाटलं, बोलायला चांगलं आहे. भोळा माणूस! दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणी हसलं असतं. आमच्याकडं हे शब्द कुणी हसण्यावारी नेत नाही.

इंदापूरच्या बाजारात तो पोत्यावर, वांग्यांच्या ढिगाशेजारी, हा खेळ करायला लागला. सुरुवातीला लोक टाळ्या पिटायचे. मग एका बाईनं हात जोडले. मग एक शेतकरी, बैल हरवलेला, समोर येऊन बसला आणि म्हणाला, “उगवतीला गेलाय का मावळतीला, तेवढं ईचारा.”

“आवं, ह्यो नुसता खेळ हाय,” कुंडलिक म्हणाला.

“व्हय व्हय. जाणत्यानं आसंच म्हणायचं आसतं,” तो म्हणाला आणि हलेना.

पिच्छा सुटावा म्हणून कुंडलिकनं उगवतीला हात केला. बैल नेमका उगवतीलाच सापडला. झालं! पुढच्या बाजारापासून वांगी घ्यायला कमी आणि कौल घ्यायला जास्त, अशी माणसं पोत्यापुढं यायला लागली. घरी नारळ यायला लागले. प्रयागबाईनं डबी पाटात फेकायला सांगितली तर रावजीच आडवा आला. त्याला गावात मान मिळत होता, ओट्यावर माणसं बसत होती. भावाची करामत ही हातचलाखी आहे एवढं त्याला माहीत होतं, ती कशी चालते ते माहीत नव्हतं. आणि कुंडलिकची पंचाईत अशी की नाही म्हणावं तर लोकांना ते मोठ्या माणसाचं नम्र बोलणं वाटायचं. तो खरं बोलायचा आणि त्याचं नाव आणखी वाढायचं.

मग सरुबाईच्या पाण्याचं प्रकरण झालं. सरुबाई म्हणजे वस्तीवरची विधवा बाई, एकटीनं रान करणारी. त्या उन्हाळ्यात तिचा कांदा ऐन पोसण्यात आला होता. पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. तिची पाळी रात्रीची होती आणि दिवस उगवताना रावजीची लागायची. त्या रात्री कुणीतरी पाटाचं वरचं दार, म्हणजे पाणी वळवायची फळी, फिरवलं आणि तिचं पाणी अर्ध्यातच तुटलं. पुढची पाळी येईपर्यंत कांदा वाळून चिपाड झाला. ती चावडीवर येऊन छाती पिटून रडली.

पाणी कुणी घेतलं हे कुंडलिकच्या घरात दोघांना ठाऊक होतं. त्या पहाटे रावजी अंगणात आला तेव्हा त्याची पाळी सुरू व्हायची होती, आणि त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले होते. प्रयागबाईनं पाहिलं, कुंडलिकनं पाहिलं. रावजीनं पाय धुतले आणि न्याहारी मागितली. सकाळी त्याचं रान ओलं दिसलं तर कुणाला नवल वाटलं नाही, कारण तेव्हा पाळी त्याचीच होती.

संशय गेला बिरूवर. बिरू धनगराचं खोपट त्या दाराजवळ, आणि दाराच्या चिखलात मेंढरांची खुरं उमटलेली. मेंढरांना पाजायला त्यानंच दार फिरवलं असणार, असं लोक म्हणायला लागले. त्याची बायको दिवस भरत आलेली. पाटकऱ्याला, म्हणजे पाटाच्या सरकारी माणसाला, हे कळलं असतं तर साऱ्या वस्तीच्या पाळ्या त्यानं अडवल्या असत्या. म्हणून पाटील महिपतरावांनी ठरवलं, गावातच मिटवायचं, कौल लावायचा. पण जोतीराम गुरवाचं रानही त्याच दारावर भिजणारं, आणि स्वतःच्या भानगडीत गुरवानं कौल लावायचा नसतो, असा आमच्याकडं दंडक. तेव्हा कुणीतरी म्हणालं, कुंडलिकचे पत्ते आहेत की.

ते कुणीतरी म्हणजे रावजीच होता.

कुंडलिक पळत महिपतरावांकडं गेला. “आबा, पाया पडतो, ह्यो कौल न्हाय. हातचलाखी हाय नुसती. मला येका जादूवाल्यानं शिकीवलीय.”

“इंदापूरच्या बाजारात द्येवाचं नाव कोण घेतो? तूच का दुसरं कोण?”

“मीच घेतो, पर—”

“मग हितं घ्यायला तुला काय झालं? परक्याचं बैल सापडून देतोस, आन गावाचं काम आलं की हातचलाखी व्हय?” महिपतराव रागावले नव्हते, उलट कौतुकानं हसत होते. “लाल निघंल तो साव, काळा निघंल तो चोर. उद्या दुपारी देवळापुढं ये.”

घरी आला तर रावजी वाट बघतच उभा. वांग्याच्या रानात नेऊन त्यानं भावाला सांगितलं, “बिरूच्या तळहातावर काळा झाला पायजे. त्यो रंग पालटनारा पत्ता काढ. समद्या गावानं बघितलं पायजे.”

“दादा, बिरूनं काय क्येलंय?”

“त्यो काय आज हितं, उद्या दुसरीकडं. धनगराला कुठंबी माळ मिळतो. माझं काय? पाळी गेली तर रान गेलं. तुझं बी गेलं.” आणि मग नेहमीचं आलं. “तुला म्या वाढीवलाय, कुंडलिक.”

रावजी गेल्यावर कुंडलिकनं राखणीच्या खोपीत पोतं अंथरलं आणि डबीतल्या तिन्ही चिजा पुढं मांडल्या. प्रयागबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. झडपेचा पत्ता घेतला तर तो कुणाच्या तरी हातावर काळा होणारच. बिरूच्या हातावर करायचा म्हणजे निरपराध माणूस गर्भार बायकोला घेऊन परागंदा होणार. रावजीच्या हातावर केला तर? हा विचार आला आणि त्यानं तो पत्ता पटकन पालथा घातला. ज्या हातानं भाकरी भरवली तोच हात तो. निमुळत्या गड्डीतही तेच, काळा कुणाला द्यायचा हे शेवटी त्यालाच ठरवावं लागणार होतं. राहिली पहिली गड्डी. तिच्यात कुणीही बोट घालावं, राणीच निघणार. सगळे लाल, सगळे साव, खेळ खलास.

“हीच घेतो,” तो प्रयागबाईला म्हणाला. “कुणाचंच वाईट व्हायचं न्हाय.” त्या चिखलाच्या पहाटेनंतर पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळापुढं झाडून सारी वस्ती जमली. दारावर भिजणारे तिघे आणि बिरू पुढं बसले. जोतीराम गुरव, ऊसवाला दत्तोबा, रावजी, आणि चौथा बिरू. त्याला रान नव्हतं, पण त्याच्यासाठीच तर सगळा घाट होता. कुंडलिकनं गाऱ्हाणं घातलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता, आणि लोकांना वाटलं अंगात येतंय. त्यानं अंगठ्याखालून पत्ते सोडले. जोतीरामानं बोट घातलं, बदामाची राणी. ती परत ठेवली. दत्तोबानं बोट घातलं, पुन्हा तीच राणी. लोक कुजबुजायला लागले. रावजीनं बोट घातलं, राणी. बिरूच्या हातून पत्ता खाली पडला, पण उताणा पडला आणि लाल होता. बिरूची बायको पदरात तोंड घालून रडायला लागली. कुंडलिकला वाटलं, सुटलो.

रावजी त्याच्याकडं जळजळीत बघत होता.

“समदीच साव व्हय?” सरुबाई उभी राहिली. “मग माझं पाणी भुतानं पिलं का? चौघांनी काढलं. रावजीच्या घरात पाणी धरणारी दोघं हायती. धाकट्यानं कुठं काढलाय?”

महिपतरावांनी मान डोलावली. “बाई बराबर बोलली. कुंडलिक, तूबी काढ. आन ऐका, ह्याचा बी लाल निघाला तर द्येवानं निकाल आपल्यावर सोडला म्हणायचं. खुरं मेंढरांची हायती ती हायतीच. बिरूनं उद्या बिऱ्हाड हलवायचं.” मग त्यांनी हात पुढं केला. “आपला पत्ता आपल्या हातनं न्हाय पिसायचा. गड्डी हिकडं आण.”

मास्तरचे शब्द कुंडलिकला आठवले असणार. त्यानं गड्डी दिली. महिपतरावांनी ती पालथी, मुठीत घट्ट धरून पुढं केली. ज्या गड्डीनं कुणाचंच वाईट होणार नव्हतं, तिच्यात आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. लाल काढला तर बिरू जाणार. काळा काढला तर तो स्वतः. आणि सगळ्यात वाईट हे की देवावर सोडायची सोयच नव्हती. आखूड पत्ता कुठला आणि लांब कुठला हे त्याच्या अंगठ्याला अंधारातही कळायचं. त्याला नशीबसुद्धा नव्हतं, बघा.

त्यानं रावजीकडं पाहिलं. एक शब्द बोलायचा होता रावजीनं. रावजी देवळाच्या कळसाकडं बघत बसला होता.

कुंडलिकनं पत्ता ओढला आणि न बघताच उलटा केला. किलवरची तिर्री.

मग रावजी उठला, डोक्याचं पागोटं काढून महिपतरावांपुढं जमिनीवर ठेवलं आणि म्हणाला, “माझ्याच घरात निघाला.” प्रयागबाई बायकांतून पुढं निघाली होती. कुंडलिकनं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तिचे पाय जागीच थांबले. “तवाच बोलाया पायजे हुतं मी,” ती मला म्हणाली, “पर त्यांनी डोळ्यांनीच हात जोडलं. काय करनार?” हे सांगताना तिनं निवडलेली गवार पुन्हा न निवडलेलीत टाकली.

पंचांनी ठरवलं, कुंडलिकनं पाटाच्या कुठल्याही दाराला हात लावायचा नाही, त्याच्या घरचा विस्तव कुणी घ्यायचा नाही. रावजीनं त्याला वेगळा काढला आणि वरच्या अंगाचा मुरमाड माळ दिला, जिथं पाटाचं पाणी चढत नाही. कुंडलिकनं त्यावर बाजरी पेरली. वांग्याचा माणूस बाजरीच्या चार ताटांकडं बघत बसायचा. खालून पाट वाहताना दिसायचा, ऐकूही यायचा. बाजाराला जायची त्याला चोरी झाली. दुसरीकडं जाऊ या म्हणून प्रयागबाई मागं लागली, तर म्हणायचा, “गेलो तर दादाला लोक ईचारत्याल, का गेला म्हून.” मला हे ऐकून चीड आली होती, अजून येते. माणसानं किती सोसावं याला काही सुमार?

बिरूनं मात्र एक केलं. मळणी झाली की तो न विचारता येऊन कुंडलिकच्या माळावर मेंढरं बसवायचा, त्यांच्या खतानं रान धरावं म्हणून. बागाइतवाले त्यासाठी त्याची मिनतवारी करायचे, तो आधी इथं यायचा. त्याच्या मुलीचं बारसं झालं तेव्हा प्रयागबाईला तेवढं एक बोलावणं आलं होतं.

आणि रावजी? रावजीचं जे झालं ते कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याचा पत्ता लाल निघाला होता. कुंडलिकनं आपलं ऐकलं नाही एवढं त्याला कळलं होतं, पण मग कुंडलिकचाच काळा का निघावा? आपल्या हातानं स्वतःला काळा कोण घेईल? तेव्हा हे काम देवाचंच, अशी त्यानं मनाची समजूत घातली, आणि ती त्याला इतकी मानवली की तो भैरोबाला दर पुनवेला नारळ फोडायला लागला. चिखलाचे पाय तो खरोखर विसरला. बाजारात लोकांना सांगायचा, “भैरोबानं निवाडा क्येला. सख्ख्या भावाचीबी गय क्येली न्हाय.”

काही वर्षांनी अशाच एका उन्हाळ्यात तो माळावर आला. भावाला परत न्यायला आला होता, मोठ्या मनानं. बाभळीखाली बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “झालं गेलं. द्येवानं मला लाल दिला, तुला काळा दिला, त्याची मर्जी. तू भोगलंस. आता पंचांच्या पाया पड, मी सांगतो त्यास्नी. चल घरला.”

कुंडलिक खोपटात गेला आणि डबी घेऊन आला. त्यातली पहिली गड्डी काढून त्यानं रावजीच्या हातात ठेवली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती आपण होऊन त्यानं कधीच दिली नव्हती.

“काढा दादा.”

रावजीनं एक काढला. बदामाची राणी. त्याचा चेहरा फुलला. “बघ! आजूनबी!”

“आनखी काढा.”

दुसरा काळा निघाला. मग राणी. मग तीच राणी पुन्हा. रावजीनं गड्डी उताणी केली आणि पत्ते मांडीवर पसरले. काळा, राणी, काळा, राणी, काळा, राणी. बराच वेळ तो नुसता पत्ते सरकवत राहिला. चारी माणसांना लाल कसा आला ते त्याला कळलं. देवानं त्याला काहीच दिलं नव्हतं, हेही कळलं.

“आन मग तुझा?” त्यानं विचारलं.

“माझा मी काढला.”

प्रयागबाई सांगायची, रावजीच्या हातून पत्ते खाली पडले आणि तो ते गोळा करायला वाकला तो वाकलेलाच राहिला. कुंडलिकनं त्याला दंडाला धरून उभा केला, पत्ते स्वतः उचलले, माती पुसून डबीत ठेवले. “सावकाश जावा, ऊन लागंल,” एवढंच म्हणाला.

रावजी पाटापर्यंत उतरला. तिथून उजव्या हाताला चावडी आणि डाव्या हाताला घर. ही दोघं वरून बघत उभी होती, आणि प्रयागबाईनं त्या क्षणी भैरोबाला मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं, अगदी त्याच शब्दांत. रावजी बराच वेळ तिथं घुटमळला. मग डावीकडं वळला.

त्यानंतर भैरोबाला त्याचा नारळ बंद झाला. पंचांपुढं तो कधी गेला नाही, माळावरही पुन्हा आला नाही. कुंडलिक त्याच मुरमाड माळावर म्हातारा होऊन गेला. आजही आमच्याकडं त्या माळाला पाणीचोराचा माळ म्हणतात, आणि सांगणाऱ्यांत रावजीची नातवंडंही आहेत.